जिप्सीचं ॲव्हरेज: चोर सापडला, थर्मोस्टॅट गायब!

मंडळी, सापडलं! जिप्सीचं पेट्रोल कुठे मुरतंय याचा छडा एकदाचा लागला. इंजिनात थर्मोस्टॅटच नव्हता, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच गायब. हाउसिंगचे बोल्ट काढून झाकण उचललं तर आत मोकळी जागा, आणि गॅस्केटऐवजी चारी बाजूंनी सिलिकॉन थापलेलं. आधीच्या मालकाकडे असताना कुणीतरी तो काढून टाकलाय आणि झाकण परत बसवून दिलंय.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना गाडी ठाऊक आहेच: 2003 ची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली. एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल फिल्टर, टॅपेट सगळं करून झालं होतं. तरी टाकी फुल ते टाकी फुल हिशोबात ॲव्हरेज 7.6 च्या वर सरकत नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदल म्हणून सांगितलं होतं. त्याचे पैसे बाजूला काढलेही होते. पण त्याआधी हा 7.6 चा आकडा तरी खरा आहे का, ते तपासून घ्यायचं ठरवलं.

कंपनीचा टायर 205/70 आर15. माझ्या गाडीला 235/75. पहिल्याचा व्यास 668 मिलिमीटर, दुसऱ्याचा 733 च्या पुढे. म्हणजे जवळपास दहा टक्के मोठं चाक. मोबाइलच्या जीपीएसवर 100 किलोमीटर होतात तेव्हा मीटर 91 दाखवतो. म्हणजे 7.6 चे खरे 8.3 झाले. मोठे टायर घातल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हा गुणाकार करावा. टायर जड आहेत, त्यांची नक्षीही रांगडी आहे, त्यामुळे खरा फटका बसतोच, पण निम्मी तक्रार मीटरची असते.

दुसरी छोटी कमाई ब्रेकची. तापमान बघायची गन घेतली आहे. इतक्या स्वस्तात इतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही, प्रत्येकाच्या डिकीत हवंच. कात्रजहून घरी आल्या आल्या पुढच्या दोन्ही डिस्कवर मारली. डावी 55, उजवी 110. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत अडलं. कॅलिपरची पिन गंजून बसली होती. पॉलिश पेपरने साफ केली, ब्रेकचंच ग्रीस लावलं, रबरी बूट नवे टाकले. आता चाक एका धक्क्यात चांगलं गरगर फिरतं. ते बघायला फार बरं वाटलं. पुढच्या टाकीला ॲव्हरेज 8.8.

पण प्लग अजूनही काळेच, कोरड्या काजळीचे. म्हणजे मिश्रण रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. वायर जोडून कोड बघितला तर इंजिनाचा दिवा इमानेइतबारे 12 देत होता: एकदा लुकलुकून, थांबून, मग दोनदा. 12 म्हणजे सगळं ठीक. इथेच बरेच दिवस डोकं अडकलं. ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, तक्रार नाही, तरी पेट्रोल जास्त जातंय.

धागा मिळाला तो टेंपरेचरच्या काट्यावरून. काटा कायम सी च्या (कोल्ड, थंडच्या खुणेच्या) जरा वर असायचा. मला ते गाडीचं गुणच वाटायचं, ‘तापत नाही’ म्हणून. पण काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा. काट्याचा एका वायरचा, ईसीयूचा दोन वायरचा. तेव्हा ईसीयूला काय दिसतंय ते बघायला हवं होतं. हायवेवर चांगली पळवून आणली, स्विच बंद केला आणि दोन वायरच्या सेन्सरचं सॉकेट काढून मल्टिमीटर लावला. 590 ओहम. या सेन्सरचा रोध 20 डिग्रीला साधारण अडीच हजार ओहमच्या जवळ असतो आणि 80 ला तीनशेच्या आसपास उतरतो. 590 म्हणजे 60 डिग्री.

आता दोनच शक्यता. सेन्सर खोटं बोलतोय किंवा इंजिन खरंच 60 वर आहे. बहुतेक जण इथे सेन्सर बदलून मोकळे होतात. मी सेन्सरच्या शेजारीच धातूवर गन मारली: 59. सेन्सर खरं सांगत होता! ईसीयूही चुकत नव्हता. इंजिन थंड आहे असं त्याला कळत होतं, म्हणून तो चोक लावल्यासारखं जास्त पेट्रोल सोडत होता, तेही पुणे ते सातारा सगळा वेळ. मग कोड 12 येणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि वरच्या होजवर हात ठेवून उभा राहिलो. थर्मोस्टॅट असेल तर इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारा हा होज थंड राहायला हवा, आणि मग एकदम गरम व्हायला हवा. माझा होज पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. तिथेच पाना घेतला आणि हाउसिंग उघडलं.

‘आपल्याकडे उन्हाळा एवढा, थर्मोस्टॅट कशाला हवा’ हे वाक्य मी अनेक गॅरेजमध्ये ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. बाहेर 40 डिग्री असली तरी इंजिनाला ऐंशीच्या वर राहायचं असतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर गेली होती. ॲव्हरेजपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली, कारण असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

नाना पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो. पहिल्या ठिकाणी दिलेल्या थर्मोस्टॅटवर डिग्रीचा शिक्काच नव्हता, परत केला. शेवटी एमजीपीचा (मारुतीचा अस्सल पार्ट) मिळाला, 82 डिग्रीला उघडणारा. घरी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर. 82 च्या जरासं पुढे झडप हलली, नव्वदीच्या वर पूर्ण उघडली. ही चाचणी बसवण्याआधी कराच, नवा असला तरी. बसवताना हवा निघायची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवायची, नाहीतर आत हवा अडकते.

पण थर्मोस्टॅट उगाच कुणी काढत नाही. गाडी तापत असणार म्हणून काढला असणार, आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहिलं असणार. म्हणून रेडिएटर उतरवून रॉडिंगला, म्हणजे सळईने आतल्या नळ्या साफ करायला दिला. खालच्या टाकीतून तांबूस गाळ निघाला, नळाचं पाणी वर्षानुवर्षं भरल्याचा. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

मग सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट. मुद्दाम दुपारी गेलो, सामान भरून, दुसऱ्या गिअरवर ट्रकच्या मागे. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. वर थांबून गन मारली: 88. सेन्सर 300 ओहमच्या आत. ऑइल आणि फिल्टरही बदलले आहेत, वास गेला.

आकडा: शहर आणि हायवे मिळून, टायरचा हिशोब धरून, 10.4. प्लगही आता तपकिरी दिसतात. हे सगळं हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे जुन्या दिवसांच्या आकड्यांशी तुलना करताना तेवढी सूट द्यायला हवी.

ऑक्सिजन सेन्सरची खरेदी तूर्त रद्द. त्याला काट्याचा व्होल्टमीटर लावून बघितला: आधी मीटरचा काटा बराच वेळ 0.8 व्होल्टला (म्हणजे रिचला) चिकटलेला असायचा, आता 0.1 ते 0.9 मध्ये भराभर हलतो. जिवंत आहे सेन्सर. ते पैसे 215/75 टायरकडे वळवायचे असं ठरवत होतो. व्यास 703, म्हणजे मूळच्यापेक्षा पाचेक टक्केच मोठा. पण हे लिहिता लिहिता दुसरं सुचलं: मित्राच्या जिप्सीला कंपनीचे टायर आहेत, रिमही तेच. एका टाकीपुरती चाकांची अदलाबदल करायची, रस्ता तोच, पंप तोच, हवा सारखी. टायर नेमकं किती पेट्रोल खातात ते खरेदीआधीच कळेल. त्याला विचारलंय, येत्या रविवारी चाकं खोलतोय. तोवर कुणाकडे जिप्सीचा जुना पेट्रोल होज बदलण्याचा अनुभव असेल तर सांगा. इथेनॉल सोसणारा, नीट मापाचा होज पुण्यात कुठे मिळतो ते हवंय, माझ्या रिटर्न लाइनच्या (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) टोकाला बारीक भेगा दिसायला लागल्यात.