तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्कर कृष्णेत का सोडत नाही?

"वहिनी, एवढी कृष्णा दाराशी आहे, मग त्या मुक्या जिवाला काचेत कशाला कोंडलंय? सोडून टाका की नदीत." सांगलीत आमच्या घरी नवीन माणूस आलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, म्हणून घाईत "नको हो" म्हणून सोडून देणं मला बरं वाटत नाही. आज नीट सांगते.

आमचा ऑस्कर मासा 2015 मध्ये आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. दुकानात कुणी सांगितलं नाही की हा फूटभर वाढतो आणि दहा वर्षं सहज जगतो. चार महिन्यांनी त्याच टाकीतले सहा इवलेसे निऑन टेट्रा मासे एका रात्रीत नाहीसे झाले, तेव्हा घरात शिकारी मासा आहे हे कळलं. तोंडात मावेल तो त्याचा घास. मग चार फुटी टाकी घेतली, अडीचशे लिटरची. जिवंत गोल्डफिश मी घालत नाही. त्यांच्याबरोबर रोग येतात आणि दाणे, कोळंबी, गांडुळं यांवर तो उत्तम राहतो.

नदीत सोडण्याबद्दल माझं मत पक्कं झालं ते ऑगस्ट 2019 च्या पुरात.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन फुटांच्या वर गेलं. आम्ही गावभागात तळमजल्यावर. पहाटे उंबऱ्याशी पाणी आलं तेव्हा आधी कागदपत्रं, मग गॅस, मग धान्य वर दिरांच्या माडीवर नेलं. टाकी उचलणं शक्यच नव्हतं, नुसतं पाणीच अडीचशे किलो. धान्याचं निळं पिंप रिकामं केलं, टाकीतलंच पाणी त्यात भरलं आणि ऑस्करला जाळीने न धरता ओल्या टॉवेलात घेऊन आत सोडलं. फिल्टरमधला स्पंजही पिंपात टाकला. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजात वाढलेले असतात. हवा मिळाली नाही की ते मरतात आणि मग मासाही जगत नाही. सेलवर चालणारा छोटा एअर पंप लावला. नऊ दिवस वीज नव्हती. खायला काही घातलं नाही, उपाशी मासा पाणी कमी घाण करतो. गच्चीवर पातेल्यांत पावसाचं पाणी धरायचं आणि रोज दोन तांबे काढून दोन तांबे घालायचे. तो पिंपाच्या तळाशी कुशीवर आडवा पडून होता. जागा बदलली की ऑस्कर असा रुसतो, पण तेव्हा रोज सकाळी टॉर्च मारून कल्ले हलतायत ना ते बघताना माझ्या पोटात गोळा यायचा.

शेजारच्या काकू जिन्यातून म्हणाल्या, "अगं, खाली पाणीच पाणी आहे, सोडायचास की. त्याचं त्याला मोकळं झालं असतं."

मला नेमकी तीच भीती वाटत होती. टाकीत राहिला असता तर पाणी चढल्यावर काठावरून आपला आपणच बाहेर पडला असता, आणि मी काही न करता तो कृष्णेत गेला असता.

ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. जोडी जमली की मादी एका वेळी हजाराच्या वर अंडी घालते, आणि नर-मादी दोघं राखण करतात. "एकानं काय होतंय?" असं म्हणणारा प्रत्येक जण एकच सोडत असतो. आपल्याकडे चिलापी म्हणून विकतात तो तिलापिया घ्या. कित्येकांना तो कृष्णेचाच वाटतो. तो आफ्रिकेचा, 1952 मध्ये खाण्यासाठी म्हणून देशात आणलेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि एकदा शिरला की तो निघत नाही. उजनीत जाळ्यात सकर मासा सापडतो, तो काचा साफ करायला घराघरांत ठेवतात तोच. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला, मगरीसारख्या तोंडाचा, उत्तर अमेरिकेतला. तो तिथं पोहत नक्कीच गेला नव्हता.

यावर कुणी म्हणतं, नदीत मरळ आहे, शिवडा आहे, तेही शिकारीच की. आहेतच. पण मरळ आणि तिचं भक्ष्य याच पाण्यात एकत्र वाढलेत. कुठं लपायचं, कधी पळायचं हे इथल्या माशांच्या अंगात मुरलेलं आहे. ऑस्करची त्यांना ओळखच नाही. आणि समजा तो नाहीच जगला, दाण्यांवर वाढलेला, माणूस दिसलं की वर येणारा मासा कुणाच्या गळाला लागला, तर त्याला मोकळं केलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

सासूबाई हरिपूरच्या संगमावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. सुरुवातीला त्यांनाही वाटे की मासा सोडला तर पुण्य लागेल. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, तुम्ही ज्यांना गोळ्या घालता, त्यांचीच पिल्लं हा खाईल." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, उलट त्याला कोळंबी सोलून द्यायला लागल्या.

तुमचा मासा टाकीत मावेनासा झाला असेल तर दुकानदाराला परत घेतोस का विचारा, मोठी टाकी असणारा माणूस शोधा. आणि रेडटेल कॅटफिशचं तीन इंची पिल्लू कुणी दाखवलं तर कृपा करून घेऊ नका. तो मीटरभराच्याही पुढं जातो, त्याला पुरेल अशी टाकी आपल्या घरांत बसतच नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच पिंप, तोच जिना. आता तो म्हातारा झालाय, रंग उतरलाय, पण मी खोलीत आले की काचेशी येऊन शेपूट हलवतो. दर जूनमध्ये मी पिंप घासते, झाकणाची भोकं मोकळी करते आणि पंपाला नवे सेल आणून ठेवते.