एकाच पेवात

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, रात्री

आज भाचा आला होता आणि चहा न घेताच गेला. ताईचा थोरला. पॉलिसीचे पैसे आलेत हे त्याला ताईकडून कळलं असणार, कारण चप्पल काढता काढताच म्हणाला, "मामा, एफडीत टाकू नका हं, प्लीज."

मोबाइलवर त्याने मला एक फाइल दाखवली. महिन्याला चार टक्के. स्टॅम्पपेपरवर करारनामा, वर मुद्दलाचा पुढच्या तारखेचा चेक. पैसे म्हणे शेअर बाजारात लावतात, त्यांची टीम आहे. ऑफिस मिरज रोडला, एसी, काचेचं दार.

मी रोजमेळाच्या मागच्या पानावर आकडा मांडला. हाताला सवयच आहे. महिन्याला ४ म्हणजे वर्षाला ४८, आणि आलेलं परत त्यातच घातलं तर ६०. बत्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाची दिवाणजीगिरी करतोय. हळदीतली तेजी पाहिली, मंदी पाहिली, बेदाण्यात रडलेले शेठ पाहिले. पण महिन्यामागून महिना न चुकता चार टक्के कमावणारा माणूस आजवर एकही भेटला नाही.

विचारलं, "ज्या महिन्यात बाजार पडेल, त्या महिन्यात किती?"

"तेव्हाही चार."

"मग तो बाजारात कशाला जातो? घरीच नोटा छापत असेल."

हे बोलायला नको होतं. पुढे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी आहे का विचारलं, तर म्हणाला प्रोसेसमध्ये आहे. मग मी आणखी एक चूक केली. म्हणालो, "तुझ्या आजीच्या पैशाचं काय झालं ते विचार तुझ्या आईला." पोराचं तोंड एवढंसं झालं. हिने चहा कपात ओतला होता. तो म्हणाला, "उशीर होतोय," आणि गेला. दोन्ही कप मीच प्यायलो. त्यामुळे आता झोप नाही, आणि म्हणून हे लिहीत बसलोय.

आजीच्या पैशाचं काय झालं ते इथे लिहूनच ठेवतो. अण्णा गेल्यावर आईकडे ८० हजार होते. आमच्या पेठेतल्या एका पतसंस्थेत बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळायचे. चेअरमन ओळखीचे, गणपतीत आरतीला यायचे. त्या दोन टक्क्यांसाठी मीच आईला घेऊन गेलो होतो, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. पुढे एका सोमवारी शटर अर्धंच वर. मॅनेजर म्हणाले, "काकू, पुढच्या आठवड्यात या." तो पुढचा आठवडा अडीच वर्षं चालला. पाच-पाच हजार करत ३५ हजार सुटले. आई दर वेळी पिशवीत पाण्याची बाटली आणि भडंगाची पुडी घेऊन जायची, तिथे किती वेळ बसावं लागेल सांगता येत नसे म्हणून.

तोवर मला ठाऊकच नव्हतं की बँकेच्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. दोन्हीकडे तसंच पासबुक, तसाच काउंटर, तोच शिक्का मारायचा आवाज. माणसाने फरक ओळखायचा कसा?

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी आईला घेऊन हरिपूरला गेलो. संगमेश्वराचं दर्शन झालं. ती घाटाच्या वरच बसली, कृष्णा-वारणेचं पाणी एकत्र होतं तिकडे बघत. परतताना म्हणाली, "आपलं पेव कुठं होतं रं?"

नेमकी जागा मला सांगता आली नाही. आता झुडपं माजलीत, पलीकडे घरं झालीत.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. आमच्या पोरांना ते दाखवायचं राहूनच गेलं. वरून बघितलं तर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि आत मडक्याच्या पोटासारखं ऐसपैस. हरिपूरची माती अशी घट्ट की बांधकाम न करता नुसतं कोरून ते उभं राहायचं. तळाला आणि कडेला पाला पसरायचा, हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं कीड नाही, रंग जात नाही. काढायच्या दिवशी तोंड उघडून काही तास नुसता वारा लागू द्यायचे. घाईने उतरलेला माणूस आतल्या आत गुदमरायचा. लहानपणी अण्णांनी मला त्या तोंडापासून दोन हात लांब धरून ठेवलेलं आठवतं. आतून येणारा तो गरम, कडवट वास अजून नाकात आहे.

अण्णा दरवर्षी थोडी हळद विकायचे आणि उरलेली पेवात ठेवायचे. भाव येईल तेव्हा काढू. तेच त्यांचं सेव्हिंग. काकांचीही हळद त्याच पेवात, कारण ओळखीच्या व्यापाऱ्याचं होतं आणि पेव खात्रीचं. खात्रीचं होतंच. कीड, उंदीर, चोर, ऊन, कशानेच त्याला काही झालं नाही.

२००५ च्या जुलैअखेरीस कृष्णा चढली. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघे गेलो, तर पेवांच्या जागी पिवळा चिखल. माणसं घमेल्यांनी उपसत होती. अण्णांनी एक गठ्ठा मुठीत दाबला, बोटांमधून पिवळं पाणी गळलं. ते एवढंच म्हणाले, "धाकटीचं लग्न पुढं ढकलू." त्यानंतर घरात त्यांनी पेवाचं नाव काढलं नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं, अण्णांची चूक म्हणजे पुराच्या पट्ट्यात माल ठेवला. आज आईला हाताला धरून पायऱ्या चढवताना वाटलं, ती चूक नव्हतीच. सगळं हरिपूर ठेवत होतं, पिढ्यान्‌पिढ्या ठेवत होतं. अडचण एवढीच की लग्नही त्याच पेवात होतं, काकांचं कर्जही त्याच पेवात आणि दुसरीकडे घरात पाच हजार रुपये रोख नव्हते.

आणि मी तरी काय वेगळं केलं? पतसंस्थेचा धसका घेऊन २००९ नंतर सगळं एका बँकेच्या एफडीत. ठेव विमा त्या वेळी माणशी १ लाखाचाच होता, १९९३ पासून तेवढाच. ४ फेब्रुवारी २०२० ला तो ५ लाख झाला. तोही एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून. आमच्या शाखेत तीन पावत्या केल्या की तीनदा विमा, असं मला कैक वर्षं वाटत होतं. दिवाणजी म्हणवतो स्वतःला!

(२०१९ च्या पुराचं सांगायचं राहिलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, पाणी ५७ च्या वर गेलं होतं. गावभागातल्या आमच्या घरात लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात. पावत्या, पासबुकं, पॉलिसी सगळ्याचा लगदा. हिने एकेक कागद सुटा करून तव्यावर वाळवला. पण पैसा कुठेच गेला नाही, बँकेच्या नोंदीत होता. हळद भिजली की गेली, पावती भिजली तर दुसरी मिळते. एवढी एक गोष्ट अण्णांच्या काळापेक्षा बरी झाली आहे.)

जेवताना हिच्याशी २०२० चा विषय निघाला. ती तो दरवर्षी काढते.

२०१७ ला शेठच्या मुलाचं ऐकून मी एका इंडेक्स फंडात महिन्याला २ हजार सुरू केले होते. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा तुकडा, खर्च कमी, कोणाच्या हुशारीवर भिस्त नाही. मला ते पटलं होतं. मग लॉकडाऊन. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला. यार्ड थंड, शेठनी पगार निम्मा केला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अडलेलं. मी ७२ हजार भरले होते, ५५ हजार हातात घेऊन बाहेर पडलो. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सेन्सेक्स ६० हजारांवर गेला तेव्हा ही म्हणाली, "तुम्हाला धीरच नाही."

आज पहिल्यांदा तिला नीट सांगितलं, की धीर होता, रोख नव्हती. घाबरून विकलं हे अर्धंच खरं. किराणा आणि ऑपरेशन दोन्हीसाठी पैसा हवा होता आणि एफडीची तारीख पुढे होती, ती मोडायला बँकेत जायचीही चोरी. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असता तर तो फंड मी बघितलाही नसता. बाजार पडतोच. जानेवारी २००८ ला सेन्सेक्सने २१ हजार ओलांडले, मार्च २००९ ला तो ८ हजारांच्या घरात होता, आणि परत २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. जवळजवळ तीन वर्षं. ज्याला मधल्या तीन वर्षांत पोरीची फी भरायची होती, त्याच्यासाठी बाजार परत वर आला काय नि न आला काय.

ती काही बोलली नाही. पापड मात्र न मागता वाढला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शेठकडून अर्धा दिवस सुट्टी घेतली. नवी हळद अजून शेतातच आहे, यार्डात तसं काम कमी.

पॉलिसीचे आणि मुदत संपलेल्या एफडीचे मिळून १० लाख. काल रात्री खतावणीसारखी खाती पाडली. ही शेजारी बसून आकडे बघत होती. पहिला आकडा दीड लाखाचा, हात लावायचा नाही असा, अर्धा माझ्या खात्यात आणि अर्धा हिच्या नावावर दुसऱ्या बँकेत. त्यावर व्याज जवळजवळ नाही. हिने तोंड वाकडं केलं, पण २०२० काढलं नाही.

पोस्टात तीन लाखांचं एनएससी, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, घेतलं, पाच वर्षं, ७.७ टक्के. आईच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधीच आहे, ८.२ टक्क्यांची, तीन महिन्यांनी व्याज जमा झालं की ती औषधाच्या दुकानाचा हिशोब स्वतः करते. मला ती योजना साठीनंतर, अजून चार वर्षं. पीपीएफमध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या सरकारी खात्यात, वर्षाला दीड लाखाची मर्यादा. यंदा १२ हजार भरून झालेत, म्हणून १ लाख ३८ हजार. ते १ डिसेंबरला भरेन, कारण ५ तारखेच्या आत पडले तरच त्या महिन्याचं व्याज धरतात, आणि या महिन्याची ५ गेली. खातं उघडलं तेव्हा ८ टक्के होते, आता ७.१. तरी ते खातं मला आवडतं. त्याने मला कधी काही विचारलं नाही, मीही त्याला नाही.

अडीच लाखांच्या एफडी दोन बँकांत, एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची. मॅडम म्हणाल्या, "काका, सगळी एकत्र तीन वर्षांची करा ना, सोपं पडेल." यंदा रिझर्व्ह बँकेने जूनपर्यंत रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, एक टक्क्याने खाली आणलाय, ठेवींचे दर उतरलेत. पुढे चढतील की आणखी उतरतील, मला माहीत नाही आणि मॅडमनाही. म्हणून तीन तारखा. दर वर्षी एक तरी पावती मोकळी होईल.

दीड लाख परत त्या इंडेक्स फंडात. एकदम नाही, महिन्याला १० हजार, पंधरा महिने. निदान आठ वर्षं त्याच्याकडे बघायचं नाही, असं हिच्यासमोर कबूल केलं. उरले १२ हजार. ते त्या पहिल्या दीड लाखात.

सोनं नाही. सराफ कट्ट्यावर दहा ग्रॅम सव्वा लाखाच्या आसपास आहे आणि जो तो आत्ताच घ्या म्हणतोय. नोव्हेंबर २०१५ ला सरकारचे पहिले सुवर्ण रोखे निघाले तेव्हा २,६८४ रुपयांनी पाच ग्रॅम घेतले होते. २०२३ ला ६,१३२ ने सुटले, १३ हजार ४२० चे ३० हजार ६६०, वर दर सहा महिन्यांनी थोडं व्याज. त्या वेळी यार्डात सगळे हसले होते, कागदाचं सोनं म्हणून. नवे रोखे फेब्रुवारी २०२४ नंतर आले नाहीत. हिच्या पाटल्या आहेत, तेवढं सोनं आम्हाला पुरे.

ही सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे सगळीकडे थोडं थोडं, आणि कुठंच धड नाही." खरंच आहे. ही मांडणी कुणाला सांगून कॉलर ताठ करता येत नाही. सोनं दुप्पट झालं तर आमचं नाही होणार, बाजार उसळला तरी दहातले दीडच उसळणार. आणि महागाई सहा टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी, म्हणून ते दीड तरी हवेतच. मी तिला एवढंच म्हटलं, की कुठल्या एका सोमवारी शटर अर्धं वर दिसलं तर आपण त्या दिवशीही जेवून झोपू. ती म्हणाली, "ते शंभर पानी वहीत लिहून ठेवा. तुम्ही नसलात तर मी कुठं कुठं हिंडू?" मग प्रत्येक ठिकाणी वारस कोण हे तपासायला बसलो. एका खात्यावर अजून अण्णांचं नाव निघालं.

आईने आतून विचारलं, "आणि ते बाजाराचं, तिथं पानी आलं तर?"

"येईल. नक्की येईल."

"मग बरंय," म्हणाली आणि कुशीवर वळली. तिला काय बरं वाटलं देव जाणे.

रात्री पावणेदहाला भाच्याचा मेसेज. शनिवारचा राग नसावा. खात्यात ४,००० रुपये जमा झाल्याचा फोटो आणि खाली, 'मामा, पहिला हप्ता आला. वेळेवर.' म्हणजे एक लाख आधीच घातलेत. शनिवारी माझ्याकडे यायच्याही आधी.

निळ्या खुणा गेल्या असतील त्याला. तीनदा काहीतरी टाइप करून खोडलं. ताईला फोन करावा, तर ती तोंडघशी पडल्यासारखी होईल, आणि तो पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. न करावा, तर पुढच्या महिन्यात तो दुसरा लाख घालेल. कदाचित तिसरा ताईकडून.

शेवटी लिहिलं, 'रविवारी ये. चहा राहिलाय तुझा.'

अजून उत्तर नाही.