माग नंतर, आधी सूत बघा

“यंत्रं नव्हती, मग प्राचीन इजिप्तमध्ये इतकं तलम लिनन विणलं कसं? माग तरी कुठला होता?” विणकामावर बोलायला कुठंही गेले की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

आधी, तलम म्हणजे किती? हतनोफर ही हत्शेपसुत राणीच्या मर्जीतल्या सेनेनमुतची आई. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिच्यासोबत पुरलेल्या कापडांपैकी एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लांबी 5 मीटरहून जास्त, रुंदी दीड मीटरच्या वर आणि वजन जेमतेम 140 ग्रॅम! आपली साधी सुती साडी याच्या अडीच-तीन पट तरी भरते.

आता माग. मेकेत्रे या प्राचीन इजिप्तमधल्या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात 1920 साली विणकरांच्या कारखान्याची लाकडी प्रतिकृती सापडली. त्यातले माग म्हणजे जमिनीवर आडव्या दोन दांड्या आणि त्यांच्यामध्ये ताणा, म्हणजे ताणून बसवलेले लांबीचे धागे. पुढे उभा माग आला, तोही साधाच. सारी करामत मागावर चढण्याआधीच झालेली असायची. त्याच प्रतिकृतीत मागांशेजारी बसून धागा तयार करणाऱ्या आणि उभ्यानं चातीवर, म्हणजे सूत कातायच्या फिरत्या काडीवर, पीळ देणाऱ्या बायका आहेत. माझ्या मते या कापडाचं निम्म्याहून जास्त श्रेय त्यांचं.

लिनन जवसाच्या वाखाचं, म्हणजे ताटातल्या तंतूंचं. विदर्भ-मराठवाड्यात आपण जवस तेलासाठी, चटणीसाठी घेतो. वाखासाठी मात्र ते दाट पेरतात, म्हणजे फांद्या न फुटता ताटं सरळ वाढतात. काढणीला कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण बोटभर लांबीही वाया घालवायची नसते.

कापसाचा तंतू आखूड, म्हणून पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, सूत ओढून काढावं लागतं. जवसाचा वाख लांब असतो. इजिप्तच्या बायका त्याच्या केसासारख्या पट्ट्या सोलायच्या, एकीच्या टोकावर दुसरीचं टोक ठेवून बोटांनी वळायच्या आणि असा जोडत जोडत सलग धागा करायच्या. पट्टी जितकी बारीक, तितकं सूत बारीक. मग धाग्याचे गुंडे वाडग्यात ठेवून ओल्या धाग्याला चातीवर पीळ. या वाडग्यांना आत, तळाशी कड्या असतात. धागा कडीखालून वर यायचा. उत्खननात मिळालेल्या वाडग्यांत कड्यांच्या खालच्या अंगाला धागा घासून पडलेल्या खाचा आजही दिसतात. मला कुठल्याही सोन्याच्या मुखवट्यापेक्षा त्या खाचा जास्त बोलक्या वाटतात.

“आज जमेल का कुणाला?” हा पुढचा प्रश्न. जमतं. कोरियात हानसानच्या बायका रामी नावाच्या झाडाचा वाख दातांनी चिरतात, टोकाला टोक जोडून गुडघ्यावर वळतात आणि त्याचं मोसी हे उन्हाळी कापड विणतात. युनेस्कोनं 2011 साली त्या विणकामाला वारसा यादीत घेतलं.