बेळगावकडच्या वाचकांनी सुचवलेली पुस्तके

कोणते पुस्तक वाचू, असे कुणी विचारले की आपल्या तोंडी बहुधा त्याच सात-आठ गाजलेल्या कादंबऱ्यांची नावे येतात. त्या कादंबऱ्यांच्या मोठेपणाविषयी माझी तक्रार नाही. पण विचारणारा कोण आहे, त्याने शेवटचे कोणते पुस्तक पुरे केले आणि कोणते अर्ध्यावर टाकले, याची चौकशी न करता सुचवलेले पुस्तक सहसा वाचले जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात तर ही चौकशी अधिकच गरजेची आहे, कारण इथल्या एकाच मराठी घरात तीन तऱ्हांचे वाचक नांदतात: मराठी शाळेत शिकलेली आजी-आजोबांची पिढी, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या सहज वाचणारी मधली पिढी, आणि इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मराठी अस्खलित बोलणारी पण छापील पान समोर आले की अडखळणारी मुले. या तिघांना एकच यादी देऊन कसे चालेल?

म्हणून गेले काही महिने ओळखीतल्या वाचणाऱ्या माणसांना मी एकच प्रश्न विचारत आले. तुमचे सर्वांत आवडते पुस्तक कोणते, हे मला नको होते; दुसऱ्याच्या हातात तुम्ही कोणते पुस्तक ठेवाल आणि ते कुणाच्या, एवढेच मी विचारले. जी उत्तरे मिळाली ती माझ्या पसंती-नापसंतीसह इथे लिहिते आहे.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी क्षणभरही विचार न करता व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे नाव घेतले, आणि तेही खास इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी. त्यांचे म्हणणे असे की मराठी वाचनाची सवय मोडलेल्या मुलाला आधी एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेता आले पाहिजे, आणि त्यासाठी वाक्ये लहान, गोष्ट सरळ आणि पृष्ठे थोडी हवीत. 1955 साली आलेल्या या कादंबरीत हे तिन्ही आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा मास्तर, त्याला आधी जोखणारा आणि मग सांभाळणारा वृद्ध कारभारी, गावाने मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली वस्ती, एवढाच तिचा ऐवज आहे. माझ्या भाच्याला मी ती दिली. पहिली काही पाने त्याने मोठ्याने वाचली, अडलेले शब्द मला विचारले, आणि नंतर विचारणे आपोआप थांबले. मराठी कादंबरी म्हणजे जाडजूड ऐतिहासिक ग्रंथ, ही त्याची समजूत या एका पुस्तकाने पार पुसून टाकली. त्याच्या पुढचे पाऊल म्हणून मी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ सुचवीन, आणि मग विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. 1939 सालची ही छोटी कादंबरी युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर घडते. हिंदुस्थानात परतणारा चक्रधर आणि नाझी राजवटीतून निसटलेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ती कहाणी आहे. इतक्या थोड्या पानांत एवढे मोठे जग मावलेले दुसरे मराठी पुस्तक मला चटकन आठवत नाही.

आता आपल्या मातीतल्या लेखकांविषयी. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्या परिसराने मराठीला काय दिले हे आपल्याच मुलांना अनेकदा ठाऊक नसते. जी. ए. कुलकर्णी बेळगावात वाढले आणि धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक झाले, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण त्यांना ‘काजळमाया’पासून वाचायला सुरुवात केलेले आणि दोन कथांनंतर दमून थांबलेले कितीतरी वाचक मला भेटले आहेत. टिळकवाडीत राहणाऱ्या, जी. ए. अनेकदा वाचलेल्या एका काकांनी त्यावर चांगला क्रम सांगितला. आधी ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’ वाचावे, कारण त्यात लेखकाच्या लहानपणीचे बेळगाव आहे आणि गल्ली, घर, माणसे ओळखीची वाटल्याने भाषेची भीती जाते. मग ‘पिंगळावेळ’मधली ‘कैरी’ ही कथा, जिच्यात मावशीच्या आधाराने राहणाऱ्या मुलाच्या नजरेतून मोठ्या माणसांचे क्रौर्य दिसते. त्यानंतर ‘हिरवे रावे’ आणि ‘रक्तचंदन’, आणि रूपककथांकडे सर्वांत शेवटी वळावे. हा क्रम मला पूर्णपणे पटतो. जी. एं.च्या कथेत नियती माणसाला चिरडते हे खरे, पण त्या माणसाच्या अंगावरचा सदरा, त्याच्या घरातला अंधार आणि परसातले झाड लेखकाने किती बारकाईने पाहिले आहे, हे लक्षात आल्याशिवाय ते चिरडणे वाचकाला लागत नाही.

इंदिरा संतांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांची एखादी कविता पाठ्यपुस्तकात भेटते आणि ओळख तिथेच संपते. त्यांचे लहानपण निपाणीजवळच्या तवंदीत आणि पुढचे बहुतेक आयुष्य बेळगावात गेले. 1946 साली पतीचे, कवी ना. मा. संतांचे, निधन झाले आणि त्या विरहाची सावली ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या संग्रहांवर दीर्घकाळ राहिली. कविता सलग बसून वाचायची नसते. ‘मेंदी’ उशाशी ठेवावा, रात्री एखादीच कविता वाचावी आणि पुस्तक मिटावे. ज्यांना कवितेची गोडी नाही त्यांनी त्यांच्या आठवणींचे ‘मृद्गंध’ आधी वाचायला हरकत नाही. 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला ‘गर्भरेशीम’ मात्र बाकीचे संग्रह वाचून झाल्यावर घ्यावा, असे माझे मत आहे.

निपाणीच्या एका वाचकाने महादेव मोरे यांचे नाव ज्या अभिमानाने घेतले, तो अभिमान मला फार आवडला. पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर लिहीत राहिलेला हा लेखक 2024 साली गेला. गॅरेजमधली पोरे, टॅक्सीवाले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, बाजारच्या दिवशी येणारी फिरस्ती माणसे ही त्यांच्या कथांची दुनिया आहे, आणि त्या माणसांचे बोलणे निपाणीच्या रस्त्यावर ऐकू येते तसेच कागदावर उतरले आहे. ‘झोंबड’ आणि ‘एकोणिसावी जात’ मिळवून वाचाव्यात. दुकानात सहज मिळत नाहीत, ग्रंथालयात विचारावे लागते. त्यांच्या जोडीला शेजारच्या कागलच्या आनंद यादवांचे ‘झोंबी’ ठेवावे. शिकण्यासाठी स्वतःच्या बापाशी झगडणाऱ्या मुलाचे हे आत्मकथन 1987 साली आले आणि त्याला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना आहे. त्याच पु. लं.नी बेळगावच्या मुक्कामात जोडलेल्या ‘रावसाहेबां’वरचा लेख ‘गणगोत’मध्ये आहे. कन्नड वळणाची ती रांगडी मराठी बाहेरच्या वाचकाला गंमत वाटते. आपल्याकडच्या माणसाला मात्र तो लेख वाचताना आपल्याच घरातला एखादा थोरला माणूस आठवून शेवटी गहिवरून येते.

या सगळ्या उत्तरांत मला सर्वांत मोलाची वाटली ती माझ्या कन्नडभाषक सहकारी बाईंनी केलेली शिफारस. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही आमचे कारंत आणि तेजस्वी मराठीतून वाचा, मग आपण बोलू.’’ सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत, शेजारच्या भाषेतले उत्तम लेखन वाचल्याने आपल्या मराठीपणाला कसलाही धक्का लागत नाही, असे मी मनापासून मानते. त्यातून हे लेखन मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी बेळगावच्याच. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवीत आणि त्या ऐकून मराठीत उतरवीत, अशा पद्धतीने कितीतरी मोठ्या कादंबऱ्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. हा सारा प्रवास त्यांनी ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात सांगितला आहे. एस. एल. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या मराठी अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

बाईंच्या सांगण्यावरून मी पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’ वाचली आणि तेव्हापासून ती भेटेल त्याला सुचवते आहे. मलनाडातला, म्हणजे कर्नाटकातल्या डोंगराळ पट्ट्यातला, एक शेतकरी, मधमाश्या पाळण्याच्या नादात असलेला मंदण्णा, गावात आलेले शास्त्रज्ञ कर्वालो आणि ‘किवी’ नावाचा कुत्रा असा लवाजमा एका उडत्या सरड्याच्या शोधात रानात शिरतो. असा पंखांसारखी कातडी पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाणारा सरडा पश्चिम घाटात खरोखरच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात ज्याने जळवा काढत पायपीट केली आहे, त्याला त्या रानाचा ओला वास या पुस्तकात नक्की येईल. विज्ञानाची गोडी असलेल्या पण कादंबरीला हात न लावणाऱ्या मुलांसाठी याहून चांगली सुरुवात नाही. शिवराम कारंतांचे ‘डोंगराएवढा’ त्याच्या जोडीने वाचावे. त्याची गती संथ आहे आणि डोंगरात राहणाऱ्या वृद्ध जोडप्याच्या सहवासात निवांत बसायची ज्याची तयारी आहे, त्यालाच ते द्यावे.

महाभारताची आवड असणाऱ्यांना मी दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचायला सांगते: इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि भैरप्पांचे ‘पर्व’. चमत्कार बाजूला सारून माणसे पाहण्याचा हेतू दोन्हीकडे आहे, पण इरावतीबाई पुराव्यांवर बोट ठेवून थोडक्यात निष्कर्ष मांडतात, तर भैरप्पा मद्र देशाच्या म्हाताऱ्या शल्यापासून सुरुवात करून युद्धाचा सगळा चिखल तुडवायला लावतात. ‘युगान्त’ आधी वाचावे. ‘मृत्युंजय’ वाचून भारावलेल्या वाचकाला हा क्रम विशेष उपयोगी पडतो, कारण कर्णाकडे पाहण्याच्या आणखी दोन दृष्टी त्याला मिळतात.

शहापुरात ब्लाऊज शिवण्याचे काम करणाऱ्या एका वहिनींनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवली. मशीनच्या फळीवर, कात्री आणि खडूच्या शेजारी, त्यांची प्रत उघडी पालथी घातलेली होती आणि तिच्या पानांत खुणेसाठी अस्तराच्या पट्ट्या होत्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोन पाने वाचायची आणि पुन्हा शिवायला बसायचे, अशा वाचनाला हे पुस्तक फार जमते, कारण त्यातला प्रत्येक प्रसंग स्वतंत्र वाचला तरी पुरा वाटतो. वडिलांच्या सोवळ्याने जेरीस आलेले माहेर, लहरी आणि प्रतिभावान नवरा, त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पडलेली ताटातूट आणि मग लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने काढलेली वाट, हे सारे त्यांनी कुणालाही दोष न देता सांगितले आहे. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या बाईने लिहिलेले इतके स्वच्छ मराठी गद्य वाचल्यावर आपल्याला लिहिता येत नाही असे म्हणायला कुणी धजणार नाही. त्यानंतर दया पवारांचे ‘बलुतं’ अवश्य वाचावे. 1978 साली आलेल्या या आत्मकथनाने मराठी वाचकाला गावकुसाबाहेरचे जे जगणे दाखवले, ते टाळून केलेली कोणतीही यादी मला अपुरी वाटते.

बाकी काही नावे थोडक्यात सांगते. प्रवासवर्णन हवे असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. 1857 च्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या भिक्षुकाने पाहिलेले तसे लिहिले आहे. निसर्गासाठी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’, आणि ते ज्या महिन्याचे प्रकरण त्या महिन्यात वाचावे. कष्टकऱ्यांचे जग समजून घ्यायचे असेल त्यांनी अनिल अवचट यांचे ‘माणसं’ घ्यावे. शास्त्रज्ञाचे आत्मचरित्र हवे असेल तर जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’. चरित्रात्मक कादंबरी हवीच असेल तर कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ पुरेशी आहे.

लहान मुलांसाठी मात्र पालकांनीच आधी वाचले पाहिजे. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ वयोगटांप्रमाणे रचलेले असल्याने इंग्रजी माध्यमातल्या मुलाला वयापेक्षा एक पायरी खालच्या भागापासून सुरू करता येते. जी. एं.ची ‘बखर बिम्मची’ मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी आहे. ती मुलाच्या हातात नुसती देऊ नये.

पुस्तके मिळवण्याविषयी एवढेच सांगते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालापासूनचे आहे, आणि छापणे थांबलेल्या जुन्या पुस्तकांची चौकशी आधी अशाच ग्रंथालयांत करावी. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे पुस्तक हातात घेऊन चार पाने वाचून मगच विकत घेता येते, आणि भोवतीचे वाचक न विचारताही मत देतात. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘माझा प्रवास’ यांच्या लेखकांना जाऊन साठहून अधिक वर्षे झाल्याने त्यांवरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. त्यामुळे ती मोबाईलवर विनामूल्य वाचण्यात काही गैर नाही. हयात लेखकांची आणि अनुवादकांची पुस्तके मात्र कृपया विकत घ्यावीत किंवा ग्रंथालयातून आणावीत. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ प्रती पुढे पाठवू नयेत.