लेकराची फाईल कोणाकडे आहे?

आमचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. वजन दीड किलोच्या आत. काचेच्या पेटीतून बाहेर आला, घरी आला, आणि सगळ्यांना वाटलं की संकट टळलं. सुटीच्या कागदावर ‘पुन्हा दाखवा’ एवढंच लिहिलेलं. कोणाला दाखवायचं, कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. आशाताई घरी यायची, बाळाचं वजन करायची. बाळंतपणानंतरचे दीड महिने झाले तरी तिचं येणं थांबत नाही. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही तिने यायचं असतं, हे मला तिच्यामुळेच कळलं. नवव्या महिन्यात तिने बाळाचे हात धरून त्याला हळूच उठवलं, तर मान मागेच पडली. अंगठा मुठीत दाबलेला, पाय एकमेकांवर चढलेले.

सासूबाई म्हणाल्या, “काही नाही होत बाप्पा, याचा बापही उशिराच चालला होता.”

“मामी, मी चालण्याचं नाही म्हणत जी. मान तर आतापर्यंत सावराले पाहिजे होती ना,” असं म्हणून तिने माता-बाल संरक्षण कार्डाचं पान उघडून दाखवलं. कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं, ते त्यात चित्रांसकट असतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचे तेवढे महिने वजा करून मोजायचे, हेही तिनेच सांगितलं. दोन महिने वजा केले तरी आमचं बाळ मागेच होतं.

त्यानंतरचा काळ मला आठवावासाही वाटत नाही. शहरातल्या खाजगी दवाखान्यांत प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. एकाने मेंदूचा फोटो काढायला लावला, दुसऱ्याने झटक्यांचं औषध दिलं, तिसऱ्याने मालिश सांगितली. कानाची तपासणी करा असं कोणीच म्हटलं नाही. कापसाचे पैसे गेले आणि पिशवीत कागद वाढत राहिले.

रस्ता सापडला तो अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मतः असलेले दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर तपासतं. त्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन वर्ध्याच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कान, डोळे, मानसतज्ज्ञ हे सगळं तिथे एकाच छताखाली आणि फुकट. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा न राहणं, हे नाव तिथे पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण लहान वयात शिकवलं तर शरीर पुष्कळ शिकतं.

तरी मला सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती तिथल्या समाजसेविका ताईंची. त्यांनी पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावून फाईल केली. मग विचारलं, “आई, तुम्हाला आधी काय व्हायला हवं?” इतक्या दवाखान्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “जेवताना त्याला ठसका लागतो, जीव घाबरतो. ते आधी थांबू द्या.” ताईंनी बाळाच्या उपचारांच्या योजनेत पहिल्या ओळीत तेच लिहिलं. झोपवून भरवायचं नाही, पाठीला टेका देऊन, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायचं. वरण पातळ नको, भातात घट्ट कालवायचं. ठसका कमी झाला तसा वजनाचा काटा हलला. मग मलाच बाकीच्या व्यायामाचं बळ आलं.

त्यांनी आमचा दिवस कसा जातो तेही विचारलं. वेचणीच्या दिवसांत मी सकाळीच वावरात, म्हणून व्यायाम सासूबाईंना शिकवले आणि तेल-अंघोळीच्या वेळेत बसवले. गोधडीची गुंडाळी छातीखाली देऊन पालथं टाकायचं. उचलताना पाय जुळवून धरायचे नाहीत, कडेवर दोन्हीकडे पाय टाकून बसवायचं. सासूबाई आता शेजारणींना सांगतात, “असंच घ्याव लागते त्याले.” पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी कोपऱ्याची खुर्ची गावच्या सुतारानेच ताईंनी दिलेल्या चित्रावरून केली.

तारखाही ताईंनीच जुळवल्या. कान आणि फिजिओ एकाच दिवशी, म्हणजे एसटीची एकच खेप. मला अर्धं तिकीट, बाळाचं काहीच नाही, तरी मजुरी बुडतेच. तारीख चुकली की त्या आशाताईला फोन करायच्या आणि आशाताई दारात उभी.

कागदांचं थोडक्यात सांगते. बाल आधार आधी काढा, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळवा. मग दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज. लहान वयात ते बहुधा मुदतीचं मिळतं, मुदत लिहून ठेवा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीही बसते. तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तेव्हा ग्रामसभेत उभं राहून मागा.

आता तो बसतो, खुर्चीत बसून मुरमुरे उचलतो. अंगणवाडीत जायला लागलाय. त्याची खुर्ची तिथे ठेवायला सेविकाताई तयार झाल्या आणि ताईंनी त्यांना फोनवर भरवण्याची पद्धत समजावली. पाय सरळ धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटचं माप दिलंय, संक्रांतीनंतर ते मिळेल. तुमच्या लेकराला केंद्रात नेलंत तर पहिल्याच दिवशी विचारा की आमची फाईल कोण सांभाळणार, आणि त्या माणसाचा नंबर घेऊनच घरी या.