नाशिकचा अंधार मोजताना, नोंद ३ : मीटरचं शून्य, डोक्यावरच्या कृत्तिका आणि उशाजवळचा लक्स

आकाशाचा अंधार मोजायला बनवलेला घरगुती मीटर आता अंधारात शून्य दाखवतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मागच्या नोंदीपासूनचा बराचसा वेळ या शून्यापायीच गेला. स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं, वरून काळी चादर टाकली आणि तरी सेन्सर आकडा देत असेल, तर तो आकाश मोजत नाही, स्वतःचीच गळती मोजतो. २०२७ च्या सिंहस्थाआधी शहराच्या उजेडाची पायाभूत मोजणी हातात हवी, म्हणून हा खटाटोप चाललाय. नंतर फरक काढायचा तर आधीचे आकडे भरवशाचे हवेत.

गळती तीन ठिकाणी निघाली. मीटर चालवणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या बोर्डावरचा लाल एलईडी वीज मिळताच पेटतो आणि बंद करता येत नाही, त्यावर काळ्या नेलपॉलिशचे दोन हात द्या किंवा त्याचा रेझिस्टर सरळ उपटून टाका. दुसरी जागा आकडे दाखवणारा ओलेड पडदा : मोजणीपुरता तो प्रोग्राममधूनच विझवायचा, वाचन संपलं की पेटवायचा. तिसरी गळती डब्यात कळतच नाही, कारण डब्यात बाहेरचा उजेड नसतो. सेन्सरवर नळी म्हणून बसवलेला वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप आपल्याला अपारदर्शक वाटतो, पण मोबाईलचा टॉर्च बाहेरून टेकवून आत पाहा, भिंत दुधी उजळलेली दिसेल. रस्त्याच्या दिव्याखाली हाच पाइप सेन्सरला बाजूने उजेड पुरवतो. बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन थर आणि आतून काळा वेल्वेट कागद, दोन्ही हवं. आतून नुसता काळा रंग दिला तर तिरप्या कोनात तो चकाकतो.

नव्याने करणाऱ्यांसाठी जोडणी : सेन्सर टीएसएल२५९१, वीज ३.३ व्होल्ट, डेटाची तार (एसडीए) पिन २१ ला, क्लॉकची (एससीएल) पिन २२ ला. गेन (संवेदनशीलता) कमाल ठेवा, इंटिग्रेशन (एका वाचनात उजेड गोळा करायचा वेळ) ६०० मिलिसेकंद. सेन्सर दोन आकडे देतो, एक दृश्य अधिक अवरक्त, दुसरा फक्त अवरक्त. पहिल्यातून दुसरा वजा करायला विसरलात, तर हॅलोजनच्या परिसरात आकाश आहे त्यापेक्षा उजळ निघेल. अंधाऱ्या जागी एका वाचनात जेमतेम काही काउंट (सेन्सरचे कच्चे आकडे) मिळतात, म्हणून तीस वाचनांची बेरीज घ्यायची. एकेका वाचनाचा लॉग काढून मग सरासरी करू नका, शून्य आलं की तिथेच गणित कोलमडतं.

नळीच्या लांबीवर सगळ्यात जास्त खल झाला, आणि तो रास्तच होता. आतला व्यास २० मिमी असेल, तर ५७ मिमी लांबीला सेन्सर साधारण २० अंशांचा तुकडा पाहतो, आकाशाचा अंधार मोजणाऱ्या एसक्यूएम-एल या तयार यंत्रासारखाच. मोह होतो. पण त्या यंत्रात भिंग आहे, आपल्या नळीत नाही. मोकळ्या सेन्सरला अख्ख्या आकाशातून जेवढा प्रकाश मिळतो, त्याच्या फक्त ३ टक्के या नळीतून पोचतो, म्हणजे ३.८ प्रतींचा तोटा (प्रत म्हणजे तारे आणि आकाश यांच्या तेजाचं माप). शहरात चालेल, त्र्यंबकच्या पुढे काउंटच उरणार नाहीत. तीच नळी कापून १७ मिमी लांब ठेवली, तर दृष्टिक्षेत्र ६० अंश होतं आणि पाव हिस्सा प्रकाश आत येतो, तोटा दीड प्रत. सध्या हीच लांबी पक्की केली आहे. याची किंमत अशी, की शेजारचा पाण्याच्या टाकीवरचा दिवा माथ्यापासून ३० अंशांच्या आत डोकावत असेल तर ती जागा बाद. गच्चीच्या कठड्याला चिकटून मीटर खाली ठेवलात तरी तेच.

वीजपुरवठ्यात एक गंमत आहे. बोर्डाचं वायफाय बंद ठेवायचं, कारण चिप तापते आणि शेजारचा सेन्सर त्या उष्णतेने भरकटतो. पण वायफाय बंद झालं की वीज इतकी कमी लागते, की बऱ्याच पॉवर बँकांना काही जोडलंय असंच वाटत नाही आणि त्या मिनिटभरात झोपतात. १८६५० हा लिथियम सेल लावला, तर बोर्डावरचा १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आड येतो. त्याला स्वतःसाठीच व्होल्टभर लागतं, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या सेलमधून ३.३ बाहेर पडत नाही आणि वाचनं हळूहळू घसरतात. आकाश काळवंडतंय असं वाटून माणूस खूश होतो, खरं तर सेल उतरलेला असतो! एचटी७३३३ रेग्युलेटर लावून थेट ३.३ च्या पिनला वीज द्या, प्रश्न मिटतो.

कॅलिब्रेशनचं सूत्र साधं आहे : आकाशाची प्रत = स्थिरांक − २.५ × लॉग(काउंट). स्थिरांक मात्र कुणाचा उचलू नका. वरची काच, नळी, गेन, सगळं जिथल्या तिथे बसवल्यावरच तो काढायचा. काचेच्या दोन पृष्ठभागांवरच सुमारे ८ टक्के प्रकाश परततो, म्हणजे जवळपास ०.०९ प्रत. एसक्यूएम-एल शेजारी धरून तीन वेगवेगळ्या उजेडाच्या जागी जोडीने वाचनं घ्या आणि आलेख काढा. तिन्ही बिंदू ४५ अंशांच्या रेषेत हवेत. रेष सरकलेली असेल तर स्थिरांक बदला, पण रेषेचा उतारच वेगळा असेल तर स्थिरांकाशी खेळू नका. कुठेतरी अजून गळती आहे. एसक्यूएमची स्वतःची अचूकता ±०.१ आहे, त्यामुळे दुसऱ्या दशांशावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता आकाशाकडे. वेळ अमावस्येच्या मागेपुढे पाच दिवस, चंद्र क्षितिजाखाली आणि सूर्यास्ताला किमान दीड तास उलटलेला. मीटर खमध्याकडे, म्हणजे सरळ डोक्यावर, मोबाईलच्या लेव्हल ॲपने तपासून. प्रत्येक जागी पाच वाचनं, पहिलं सोडून द्यायचं, उरलेल्या चारांतल्या मधल्या दोनांची सरासरी नोंदवायची. आकाशगंगेचा पट्टा डोक्यावर असताना घेतलेलं वाचन आणि नसतानाचं वाचन यांची तुलना करू नका, अंधाऱ्या जागी पट्ट्याचा स्वतःचाच उजेड आकड्यात उतरतो. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. २२ च्या आसपास नैसर्गिक अंधार, मोठ्या शहरांच्या मध्यात १७-१८. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट उजेड, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

डोळ्यांनी मोजण्याच्या बऱ्याच पाश्चात्त्य पद्धती ध्रुवमत्स्यावर, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या तारकासमूहावर, बेतलेल्या असतात. नाशिकला त्या फसतात. आपण २० अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर. तिथला प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत जवळपास तिप्पट हवेतून येतो. हवेच्या एका थरात ०.३ प्रत गळते असं धरलं, तर ध्रुवाकडे ०.९ जाते, डोक्यावर ०.३ च. शिवाय क्षितिजालगतची झळाळी वेगळीच. तेव्हा ध्रुवमत्स्य सोडा आणि डोक्यावरून जाणारं काही धरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास भाद्रपदांचा चौकोन बरोबर माथ्यावर असतो. चौकोनाच्या पश्चिम बाजूला, आतल्या अंगाला दोन तारे जोडीने आहेत, ४.४ आणि ४.६ प्रतीचे. ते नुसत्या डोळ्यांना दिसले, तर तुमच्या गच्चीची मर्यादा, म्हणजे दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याची प्रत, साडेचारच्या आसपास. चौकोन अगदी रिकामा दिसला, तर त्याहून कमी. जानेवारीच्या सुरुवातीला त्याच वेळी कृत्तिका माथ्यावर येतात. त्यात एकच ठळक ठिपका दिसला तर मर्यादा तीनच्या आसपास, चार तारे सुटे दिसले तर ३.९, सहा दिसले तर ४.३. सातवा ५.१ चा. सहा आणि सात यांमध्ये पाऊण प्रतीहून मोठी फट आहे, त्यामुळे ‘सातवा दिसल्यासारखा वाटतो’ ही नोंद धरू नका. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाईल पाहिला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

हवेचा हंगाम प्रत्येक नोंदीसोबत लिहा. पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर धुतलेला असतो, एप्रिल-मे धुळीचे. थंडी कडक पडली की निफाड पट्ट्यात द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्या रात्री धूर खाली बसतो आणि शहराचा उजेड त्यावर पसरतो. ढगांचं वागणं उलटसुलट : शहरात पातळ ढगाने आकाश उजळतं, पेठ-हरसूलच्या अंधाऱ्या खेड्यांकडे तोच ढग आकाश काळं करतो. म्हणून ‘आज फार छान अंधार होता’ असं खेड्याकडून कळलं, तर आधी ढगांची चौकशी करा.

शहराची झळाळी अंतराप्रमाणे कशी उतरते, त्याला खगोलशास्त्रज्ञ वॉकर यांचा १९७७ चा ठोकताळा आहे. शहराच्या दिशेला ४५ अंशांवर मोजलेली झळाळी अंतराच्या अडीचाव्या घातात घटते. त्र्यंबकेश्वर इथून साधारण २८ किमी. निम्म्या वाटेवरची झळाळी आणि तिथली झळाळी यांत पावणेसहा पटींचा फरक पडायला हवा, प्रतींत १.९. पुढच्या फेरीत हाच ठोकताळा त्र्यंबक रस्त्यावर तपासायचा आहे, मीटर पूर्वेकडे तिरपा धरून. त्र्यंबकला स्वतःचेही दिवे आहेत, म्हणून गावाच्या अलीकडे अंजनेरीच्या बाजूला थांबणं बरं. सप्तशृंगगडावरून नाशिक दक्षिणेला येतं, तिथे मीटर दक्षिणेकडे.

उपग्रहाचे नकाशे पाहून जागा निवडणाऱ्यांना एक सावधगिरी. ज्या सेन्सरवर ते नकाशे बेतलेत, त्याला ५०० नॅनोमीटरच्या अलीकडचा निळा जवळजवळ दिसत नाही, आणि पांढऱ्या एलईडीचा टोकदार निळा ४५० च्या आसपास असतो. पिवळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले, की नकाशात शहर मंदावल्यासारखं दिसू शकतं, वर आकाश मात्र उजळतं, कारण निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात २०११ ते २०२२ दरम्यान लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींवरून आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्के वाढल्याचं निघालं. या वेगाने तो आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो. उपग्रहांना ही वाढ इतकी दिसली नव्हती. कृत्तिका मोजण्याचं काम त्यामुळे बाळबोध नाही.

हाच मीटर घरातही कामाला येतो. नळी काढा, सेन्सरवर पिंगपाँगच्या चेंडूची अर्धी वाटी बसवा. ती नसेल तर तिरपा उजेड कमी मोजला जातो. लक्समीटरशी एकदा जुळवून घ्या आणि उशीवर डोळ्याच्या जागी, खिडकीकडे तोंड करून वाचन घ्या. लक्स हे उजेडाचं एकक : पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, खिडकीसमोरचा दिवा सहज काही लक्स. डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूला दिवस-रात्र सांगतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या निळ्याला सगळ्यात जास्त चेततात आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं. २०२२ च्या तज्ज्ञ शिफारशीत झोपेच्या वेळी या निळ्या हिशेबाने १ लक्सची मर्यादा आहे. पांढऱ्या ४००० केल्विनच्या एलईडीचे लक्स साधारण ०.६ ने गुणा, पिवळसर २७०० चे ०.४ ने. उशीवर ३ लक्स आले तर पहिल्याचे १.८, दुसऱ्याचे १.२. दोन्ही मर्यादेबाहेर, तेव्हा ‘वॉर्म’ बल्ब लावला म्हणजे झालं, असं नाही.

सोसायटीच्या कुंपणावरचा फ्लडलाइट बहुधा वर तोंड करून बसवलेला असतो, ‘लांबवर उजेड पडावा’ म्हणून. वीज बंद करा, यू-ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट सैल करा आणि काच जमिनीला समांतर आणा. बोल्ट गंजले असतील तर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा, जोर लावलात तर ॲल्युमिनियमचा कान तुटतो. आधी आणि नंतर प्रत्येकी दोन वाचनं घ्या, एक तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आणि एक फाटकापाशी जमिनीवर. वॉचमनकाकांना फाटकापाशीचा आकडा आधी दाखवा, त्यांची हरकत तिथेच असते.

आणि लाइट गेली की मीटर घेऊन गच्चीवर पळा. एका फीडरचे (एका भागाला वीज देणाऱ्या वाहिनीचे) दिवे गेल्यावर खमध्याचा आकडा किती हलतो, तेवढा त्या भागाचा वाटा, एरवी कुणी मोजू देणार नाही असा. वेळ मिनिटासह लिहा आणि वीज परत आल्यावरही पाच वाचनं घ्या.