पाऊण भागिले पाव

"मावशी, भागलं की कमी व्हायला पाहिजे ना? मग हे 3 कसं आलं?"

काल संध्याकाळी, बेळगावजवळच्या खानापूरला. सहावीतल्या भाचीची वही समोर, त्यात 3/4 ÷ 1/4. उत्तर बरोबर होतं. "दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं," हे तिला तोंडपाठ. का उलटा करायचा, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

घरात बेळगावचा कुंदा, म्हणजे खव्याची मिठाई, होता. पाऊण किलो तोलून तिच्यापुढे ठेवला आणि पाव-पाव किलोचे डबे भरायला सांगितले. पहिला भरला, दुसरा भरला, तिसऱ्याला चमचा पातेल्याच्या तळाला खरवडला. चमचा हातातच राहिला.

"म्हणजे पाऊणमध्ये पाव किती वेळा बसतो, असं विचारलंय होय?"

हेच विचारलंय गं बाळ!

आपल्या बाजारात ती रोज कन्नड ऐकते. पाव म्हणजे 'कालु', पाऊण म्हणजे 'मुक्कालु', तीन कालु. उत्तर त्या शब्दातच आहे, आणि तिला मी ते कधी दाखवलं नाही.

पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उत्तर बरोबर आलं म्हणून आपण पुढच्या गणिताकडे वळतो, आणि तिच्यासारखी किती पोरं हा प्रश्न गिळून टाकत असतील?

तुमच्या घरी अपूर्णांक कशावर शिकवता?